जाताना विकता येईल का?

तर मंडळी, गाडी घेतली. जुनी घेतली, इस्टेट घेतली, आणि वर तीनशे हॉर्सपॉवरची घेतली. या तिन्ही गोष्टींवर नातेवाइकांकडून स्वतंत्र चौकश्या चालू आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढावं.

आधी इस्टेट म्हणजे काय ते सांगतो. सेडानचं छप्पर मागच्या सीटनंतर खाली उतरतं आणि पुढे डिकी सुरू होते. इस्टेटचं छप्पर मात्र शेवटपर्यंत सरळ जातं, आणि डिकी म्हणजे एक छोटी खोलीच होते. जर्मनीत हिला कोम्बी म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार कधी रुजला नाही. १९९२ साली टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरिना आली.. आल्या आणि गेल्या. आपल्या लोकांना गाडीला मागे बाहेर आलेली डिकी लागते, त्याशिवाय ती 'मोठी गाडी' वाटत नाही. आईनं व्हिडिओ कॉलवर माझी गाडी पाहिली आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "रुग्णवाहिका घेतलीस का रे?"

युरोपात उलटं आहे. कुत्रा, सायकली, स्कीइंगचं सामान, बाळाची गाडी असं सगळं घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबांची ही गाडी. त्यातच एक वेगळी जमात आहे: बाहेरून मास्तरांची, आतून पैलवानाची. १९९४ साल या जमातीसाठी फार मोठं. त्या वर्षी ऑडीनं पोर्शच्या मदतीनं आरएस २ अवांत बाजारात आणली. इंजिन फक्त २.२ लिटरचं, पण टर्बो लावून ३१५ हॉर्सपॉवर. आणि त्याच वर्षी व्होल्व्होनं ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० इस्टेट उतरवली. रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स हे चालक. सेडान आणि हॅचबॅकच्या घोळक्यात ही दोन कपाटं पळताना बघून लोक आधी हसले. शर्यती काही जिंकल्या नाहीत, पुढच्या वर्षी व्होल्व्होनं सेडान आणली. पण चौकोनी व्होल्व्हो म्हणजे निवृत्त प्राध्यापकांची गाडी, ही समजूत त्या एका वर्षात मोडली.

माझी गाडी त्याच घराण्यातली: व्होल्व्हो व्ही ७० आर, २००६ सालची. अडीच लिटरचं पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. चारही चाकांना ताकद. शून्यापासून शंभरपर्यंत कागदावर ५.९ सेकंद. आणि डिकी ४८५ लिटरची, मागच्या सीट न पाडता. सस्पेन्शनसाठी तीन बटणं आहेत: कम्फर्ट, स्पोर्ट आणि ॲडव्हान्स्ड. तिसरं दाबलं की रस्त्यावरचा प्रत्येक खडा नावानिशी कळतो. बायको त्याला 'दातांच्या डॉक्टरचं बटण' म्हणते.

असो. हे झालं गाडीचं. खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

आम्ही इथे आलो २०१० साली, दोन वर्षांसाठी. (परदेशात राहणाऱ्या वाचकांना या 'दोन वर्षांसाठी'चा अर्थ समजावून सांगायला नको.) तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक वस्तू एकच परीक्षा देऊन आत आली: जाताना विकता येईल का? सोफा घेतला तो सुटा होणारा. कपाटं घेतली ती चार स्क्रू काढले की मोडणारी. चांगली भांडी घेतली नाहीत, कारण जाताना कुणाला तरी देऊनच टाकायची होती. बाल्कनीत लिंबाचं झाड लावायचं बायकोच्या फार मनात होतं, पण जाताना झाडाचं काय करणार? गाडी घेतली ती चंदेरी रंगाची लहान हॅचबॅक. चंदेरी का? तर तो रंग पटकन विकला जातो म्हणून. ती गाडी आम्ही पुढे चौदा वर्षं वापरली. शेवटी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्यानं रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आणि आता ही. हिला विकत घेणारा शोधायचा म्हणजे अमावास्येला चंद्र शोधायचा. एकोणीस वर्षांची, पेट्रोल पिणारी, हातानं गिअर टाकायची, वळायला बैलगाडीएवढी जागा लागणारी (लांब इंजिन आडवं बसवलंय, चाकं रुंद आहेत, मग ती फार वळणार कशी?). काही सुटे भाग दुकानात मिळतात, काही शोधत बसावं लागतं. थोडक्यात, ही गाडी पुढे विकायची म्हणून कुणी घेत नाही. ठेवायची म्हणूनच घेतात.

हे बायकोनं माझ्याआधी ओळखलं. मी तिला फोनवर जाहिरात दाखवत होतो आणि ती पोळ्या लाटत होती. किंमत ऐकली, फोटो पाहिले, वर्षाचा टॅक्स विचारला. (जुन्या पेट्रोल गाडीला सीसीवर लागतो, हिला १७५ युरो.) मग लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "ही घ्यायची म्हणजे आपण इथेच राहणार, असं मी समजू का?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी सरळ विचारला नव्हता. लेकीच्या शाळेच्या वेळी वळसा घातला, घराच्या वेळी घातला, दर दिवाळीला तर घालतोच. या वेळी मी 'हो' म्हणालो. तव्यावरची पोळी करपली, ती मी खाल्ली.

मग गाडी बघायला गेलो, उल्महून दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी आल्गॉय भागात. मालक सत्तरीचे, निवृत्त, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जड जायला लागलं म्हणून विकत होते. अशी जुनी वेगवान गाडी घेताना आपण खरं तर गाडी घेत नसतो, आधीच्या मालकाच्या सवयी घेत असतो. तीनशे हॉर्सपॉवरनं गाडी खराब होत नाही. ती खराब होते थंड इंजिनवर ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या पायानं. पाणी लवकर गरम होतं, काटा मध्यावर येतो, पण तेल गरम व्हायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि टर्बो बिचारा तेलाच्या भरवशावर फिरत असतो.

म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन काही लपवत नाही. सुरू झाल्यावर तेल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. मोजा फुगून हात वर करायला लागला तर समजायचं की इंजिनातली वाफ बाहेर नेणारा मार्ग तुंबलाय. मोजा लोळत पडला, मी खूश. मग चारही टायर बघितले. एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असले की मधला क्लच फुकट झिजत राहतो. आजोबा हे सगळं कौतुकानं बघत होते. मग ते आत गेले आणि एक जाडजूड फाइल घेऊन आले. प्रत्येक पावती तारखेनं लावलेली. एकच गोष्ट उरली होती: टायमिंग बेल्ट २०१५ साली बदललेला. या इंजिनात तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि मग दुरुस्तीपेक्षा दुसरी गाडी स्वस्त पडते. बेल्टसाठी किंमत थोडी कमी झाली, बाकी घासाघीस मी केली नाही. अशा फाइलपुढे घासाघीस करणं बरं दिसत नाही.

आता रोजचं. सकाळी चौतीस किलोमीटर जायचं, संध्याकाळी तेवढंच यायचं. ऑटोबानवर ट्रकांच्या रांगेत घुसताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की जे होतं ते पाच सेकंदांचं सुख. उरलेला वेळ मी मास्तरांसारखा उजव्या लेनमधून जातो. शर्यत वगैरे नाही हो. ऑफिसातला सहकारी त्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून सिग्नलला मला सहज मागे टाकतो, आवाजसुद्धा न करता. :-) त्याला वेग स्वस्तात पडतो. मला या पाच सिलिंडरांचा थोडा घोगरा आवाज आवडतो आणि त्याचे पैसे मी पंपावर मोजतो.

पण गाडीची खरी परीक्षा गणपतीत झाली. आमच्या मंडळाचे चार ढोल, दोन ताशे, मखराच्या फळ्या, वीस किलो तांदूळ आणि मोदकांची मोठी पातेली, एवढं सगळं सीट पाडून एका खेपेत गेलं. दर वर्षी तीन गाड्या लागायच्या. ढोल बघून मागून येणारे जर्मन लोक हात दाखवत होते.

आई-बाबांना हे सगळं मी इथे लिहिण्याआधी सांगितलं. गाडीचं सांगितलं, आणि 'इथेच राहणार'चंही. बाबा सांगलीच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांची चेतक त्यांनी बावीस वर्षं चालवली. दर वेळी पेट्रोल भरलं की आकडा वहीत. माझं बोलणं संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. मग म्हणाले,

"ॲव्हरेज किती देते?"

"लिटरला साडेआठ. हायवेला दहा."

"हं. बेल्ट बदललास?"

"पुढच्या आठवड्यात बदलतोय."

"आधी बदल. मग चालव." आणि थोड्या वेळानं, "आम्ही येऊ तेव्हा पुढच्या सीटला पाय लांब करता येतात ना? आईचे गुडघे दुखतात."

येतात बाबा. सीट गरमसुद्धा होते.

बेल्ट बदलला. सोबत त्याचे रोलर आणि पाण्याचा पंपही, कारण तेवढं सगळं एकदा उघडल्यावर जुने ठेवणं म्हणजे उगाच चिंगूसपणा. गॅरेजवाल्यानं बॉनेटखाली एक स्टिकर लावला: आजचे किलोमीटर, आजची तारीख, आणि खाली पुढचा बदल कधी ते. दहा वर्षांनी. मे २०३५.

बायकोनं वाकून तो आकडा वाचला, काही बोलली नाही. त्या शनिवारी आम्ही रोपवाटिकेत गेलो. कुंडीसकट लिंबाचं झाड डिकीत उभं मावलं.