पोटाखालचं झाकण

गाडी घेताना आपण रंग बघतो, स्क्रीन बघतो, मायलेज विचारतो. वाकून गाडीच्या पोटाखाली कोण बघतं? पण तुमच्या घराकडे जाणारा शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा असेल, तर गाडीचं नशीब पोटाखालीच ठरतं. मागच्या आखाच्या मध्यभागी एक फुगीर लोखंडी गोळा असतो. त्याच्या पाठीवर बोल्टांनी कसलेलं एक झाकण असतं. दगड लागला तर आधी तिथे लागतो.

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन पुण्यात कोडिंग करणाऱ्या हजारोंपैकी एक. गाव वाशिम जिल्ह्यात. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. आमच्या जिल्ह्यात तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. महामार्ग सोडला की जिल्हा मार्ग, मग गावचा डांबरी रस्ता आणि मग शेतातल्या वस्तीकडे जाणारी पांदण. पांदणीत पावसाळ्यात माणूस गाडीच्या पुढे चालत जाऊ शकतो.

याला कारण आमची माती. काळी कसदार माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर रस्ता टिकवणं अवघड. मग कुणीतरी बेसाल्टचे बोल्डर आणून टाकतं आणि वरचा मुरूम यायचा राहून जातो. त्यावरून ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्यामुळे चाकोऱ्या खोल होत जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. आपली गाडी त्या चाकोरीत उतरली की तो उंचवटा आणि त्यातले दगड बरोबर त्या गोळ्याच्या उंचीवर येतात.

त्या गोळ्यात असतं काय, हे समजायला बंडी बघावी. बंडीची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी, आणि कुणाचीच तक्रार नसते, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत चाकांनाच जोर लावायचा असतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळताना एक टायर घासत जाईल. दोघांनाही जोर मिळावा आणि दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरताही यावं, अशी गिअरची रचना १८२७ साली ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. तोच डिफरन्शियल. आमच्याकडे गॅरेजमध्ये त्यातल्या मोठ्या गिअरवरून सगळ्यालाच ‘क्राऊन’ म्हणतात.

क्राऊन तेलात अर्धवट बुडालेला असतो. फिरताना तो तेल उचलून पिनियनवर आणि बेअरिंगवर उडवतो. आत पंप वगैरे काही नसतो. म्हणजे मागचं झाकण ही या तेलाची भिंतही असते. तेल गेलं की धातूवर धातू घासतो, गोळा तापतो, गाडी आधी रडल्यासारखा आवाज करते आणि मग थांबते.

१९४०च्या दशकाच्या अखेरीला महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही जीपवळणाची मागची आखं गावोगाव पोचली. पत्र्याचं घडवलेलं, बोल्टांनी काढता-लावता येणारं झाकण ही त्यांची ओळख. मारुती जिप्सीसारख्या गाड्यांत वेगळी तऱ्हा असते. तिथे गिअरचा संच पुढच्या बाजूने बाहेर काढतात आणि मागचा घुमट आखालाच वेल्ड केलेला असतो. तिथे झाकण बदलायचा प्रश्नच नाही, फक्त गार्ड लावता येतो. म्हणून पहिला सल्ला हा, की इंटरनेटवर कव्हरं शोधण्याआधी गाडीखाली मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

मी शोधायला लागलो त्याला कारण घडलं. दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्री, वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. मोठेबाबांनी आमच्या पिकअपमध्ये गादी टाकली आणि तिला नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं होतं. झाकणाला खालून खोल पोचा आला होता आणि त्याची कड उचलली गेली होती. हे तेल पांदणीतच संपलं असतं तर काय, हा प्रश्न त्या दिवशी घरात कुणीच मोठ्याने विचारला नाही. ऐन पेरणीत गाडी चार दिवस उभी राहिली.

पुण्यात परत आल्यावर मी रात्री जागून वाचत बसलो. गाडी उंच करू, असं आधी वाटलं होतं. पण सलग आखाच्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या आकारावर ठरते. मग झाकणाकडे वळलो. बाजारात ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, कंपनीतून येतो तो घडवलेल्या पत्र्याचा. हलका, स्वस्त. दगड लागला की पोचतो, पण सहसा फुटत नाही. धोका हा, की पोचा फार खोल गेला तर पत्रा आतल्या क्राऊनला घासतो. दुसरा ओतीव ॲल्युमिनियमचा, पाठीवर पट्ट्या असलेला. दिसायला सगळ्यात देखणा, उष्णता चांगली सोडतो, थोडं तेलही जास्त मावतं. हायवेवर ट्रेलर ओढणाऱ्याला उपयोगाचा. पण टोकदार बेसाल्टचा जोरदार घाव बसला तर तो तडकू शकतो, आणि आमच्याकडे त्या पट्ट्यांमध्ये पहिल्याच पावसात काळी माती बसून वाळणार. तिसरा डक्टाइल आयर्नचा, म्हणजे ठिसूळ नसलेल्या ओतीव लोखंडाचा. जड, पण मार खाण्यात पहिला नंबर. चौथा जाड प्लेट कापून-वेल्ड करून बनवलेला. चांगल्या कारागिराने केला तर दणकट, पण वेल्डिंगच्या उष्णतेने बसण्याची कड वाकली असेल तर आयुष्यभर गळतो.

आकाराचाही मुद्दा आहे. अमेरिकेतले इंजिनीअर गेल बँक्स यांनी काही वर्षांपूर्वी चाचण्या करून दाखवलं, की आतून सपाट पाठीच्या कव्हरमध्ये क्राऊनने उडवलेलं तेल नीट वळत नाही, त्याचा फेस होतो. ते स्वतः कव्हर विकतात हे लक्षात ठेवूनच ते ऐकावं. पण कंपनीचं साधं झाकण गोलसर असतं ते उगाच नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. शिवाय विकायला असलेली बरीचशी कव्हरं अमेरिकन आखांच्या मापाची असतात. बोल्ट दहा आहेत म्हणून ते आपल्या गाडीला बसेलच असं नाही. जुनं गॅस्केट कागदावर छापून, भोकांची मापं घेऊन मगच पैसे द्यावेत.

ही सगळी माहिती एक्सेलमध्ये भरून मी दिवाळीत मिस्त्रींपुढे मोबाइल धरला. त्यांनी शांतपणे बघितलं. म्हणाले, “साहेब, कव्हर लोखंडाचं घ्या का सोन्याचं. ब्रीदर बुजेल असला त तेलाचं दूध होणारच हाये.”

ब्रीदर म्हणजे आखावरची बारीक नळी. गोळा तापला की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. तापलेली गाडी नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ब्रीदर चिखलाने बंद असेल किंवा पाण्याखाली असेल, तर सीलच्या फटीतून किंवा त्या नळीतूनच पाणी आत येतं. तेल पांढुरकं, दुधासारखं होतं आणि बेअरिंग गंजू लागतात. दगडाचा घाव निदान दिसतो, हे दिसत नाही. मिस्त्रींचा उपाय साधा होता: ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉडीपर्यंत वर न्यायचं, आणि पावसाळ्यानंतर प्लग उघडून बोटाने तेल बघायचं.

मग त्यांनी विचारलं, “तुमचं हे ओतीव कव्हर ऐन जुलैत तडकलं, त दुसरं कुठून आणसान?” माझ्या एक्सेलमध्ये हा रकानाच नव्हता. टिकाऊपणा मी मिलिमीटरमध्ये मोजत होतो, ते दिवसांत मोजत होते: वस्तू तुटली तर गाडी किती दिवस उभी राहील?

शेवटी ठरलं ते असं. झाकण कंपनीचंच, पत्र्याचं, नवीन. पोचलं तर तालुक्याच्या गावी दुसरं मिळतं. त्याच्यावर, त्याच बोल्टांमध्ये बसणारी जाड प्लेटची कडी, खालच्या बाजूला ओठासारखी पुढे आलेली. दगड आधी कडीला लागेल, बोल्टांची डोकी आणि झाकणाची कड वाचेल. ही कडी नांगर आणि ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एका दुपारी तयार झाली. दोन गोष्टींवर मिस्त्री अडून बसले. आखावर थेट वेल्डिंग करायचं नाही, उष्णतेने नळी वाकते. आणि बोल्ट कडीच्या जाडीइतकेच लांब घ्यायचे. जास्त लांब घेतले तर ते भोकाच्या तळाला टेकतात, कसल्यासारखे वाटतात आणि झाकण मात्र सैल राहतं. कडी खाली येते म्हणून थोडी उंची कमी झाली, ती आम्ही मान्य केली.

मोठेबाबा हे सगळं बघत होते. गाडी तयार झाल्यावर म्हणाले, “आता कव्हर मजबूत झालं. आता काहून कोणी रस्त्याचं नाव घेईन?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, अनुभव होता. गावात ज्याने मोठा ट्रॅक्टर घेतला त्याने पांदणीचा विषय सोडला. ज्यांच्याकडे बंडी आणि पाय एवढंच आहे, त्यांचा आवाज तेवढाच उरला. डिफरन्शियलचाही हा एक गुण आहे. एक चाक चिखलात घसरायला लागलं की ते नुसतंच गरगरतं, आणि कोरड्यावरच्या चाकालाही त्याच्यापेक्षा जास्त जोर मिळत नाही. एकट्या चाकाने गाडी निघत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांची योजना मातोश्री या नावाने आणली. बांधावरून वाट मागायची तर जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आमची पांदण गावनकाशात आहेच, फक्त दोन्ही बाजूंच्या नांगरांनी ती वर्षाला वीतभर आत घेतली आहे. यंदा ग्रामसभेला मोठेबाबांनी गावनकाशाची प्रत नेली. मी पुण्यातून एवढंच केलं, की कोणत्या ठिकाणी किती रुंदी उरली आहे ते टेपने मोजायला लावून, फोटोंसह एक यादी केली. ज्यांची शेतं लागून आहेत त्यांच्यातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. दोघांनी नाही केल्या. त्यातल्या एकाच्या घरची बाई आम्ही त्या रात्री नेली होती. मोठेबाबा त्याच्याकडे पुन्हा जाणार आहेत, पण त्या रात्रीचा विषय काढायचा नाही असं त्यांनी मला बजावलंय.

कडीवर आता तीन ठळक ओरखडे आहेत. झाकण कोरडं आहे.