दक्षिणेची खिडकी

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरउतारावर आमचं घर आहे. दक्षिणेला जोग नदीची खाडी, पलीकडे हर्णै आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. पश्चिमेला माडांच्या शेंड्यांवरून उघडा समुद्र. एवढं सगळं भोवती असून घरात बसल्यावर त्यातलं काहीच दिसत नसे. पूर्वेला ओटी, मधे माजघर, त्याला लागून काळोखं स्वयंपाकघर. पश्चिमेची चिऱ्याची भिंत दोन झरोके सोडले तर बंद, आणि दक्षिणेच्या खिडक्या उभ्या माणसाच्या छातीला लागतील एवढ्या उंच. खाडी बघायची तर हातातलं काम टाकून खळ्यात यायचं. आजीचं आणि काकूचं आयुष्य ज्या चुलीपुढे गेलं, तिथून तर धुरकटलेल्या भिंतीपलीकडे नजर जातच नव्हती. मला याचं लहानपणापासून वाईट वाटायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, एक माड पडवीवर आडवा झाला, वासे मोडले. काकू शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसली होती म्हणून वाचली. दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घर दुरुस्त करावं लागणारच होतं. मग होतं तसंच उभं करायचं की आजच्या राहणीला सोयीचं करून घ्यायचं, यावर घरात बोलणं सुरू झालं. माझी मुलगी आणि पुतण्या दोघंही लॅपटॉपवर काम करतात, वर्षातले काही महिने गावी राहायची त्यांची खरीच तयारी होती. काकूला रात्री अंगणापलीकडच्या संडासापर्यंत जाणं झेपत नव्हतं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. पश्चिमेची भिंत काढायची, जमिनीपासून वरपर्यंत काच लावायची आणि वर स्लॅब टाकायचा. सूर्यास्त घरात आला पाहिजे! किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांमध्ये त्याने हेच पाहिलं होतं. मीही ते बंगले पाहिले आहेत. दुपारी तीननंतर त्यांचे पडदे ओढलेले असतात आणि पावसाळ्यात काचेवर ताडपत्री बांधलेली असते. ज्या दृश्यासाठी एवढा खर्च केला, ते वर्षातला बराच काळ झाकूनच ठेवायचं, हे मला पटत नव्हतं.

दापोलीकडे काम करणाऱ्या एका वास्तुविशारद बाईंना आम्ही बोलावलं. त्या मुद्दाम जुलैत आल्या. छत्री मिटून त्यांनी घराच्या चारी भिंतींवरून हात फिरवला आणि दादाला म्हणाल्या, "तुम्हीच हात लावून बघा. सगळ्यात ओली कुठली?" पश्चिमेची. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यावर आडवा येतो, आणि समुद्रही त्याच बाजूला. शिवाय मावळतीचं ऊन इतकं खालून येतं, की कितीही लांब छज्जा काढला तरी ते अडत नाही. मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता, असं बाईंनी सांगितलं. १९८३ साली पूर्ण झालेल्या कोरियांच्या 'कांचनजंगा' इमारतीत समुद्राचं दृश्य आणि वारा पश्चिमेकडून, ऊन-पाऊसही तिकडूनच. म्हणून त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना उचलून प्रत्येक घराला दोन मजले उंचीची खोल गच्ची दिली आणि खोल्या तिच्यामागे ठेवल्या.

"तुमची दक्षिण बाजू उघडा," त्या म्हणाल्या. कारण त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आंजर्ल्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीसही सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो माध्यान्हीला डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिणेला सहा फुटांची पडवी काढली आणि तिची वळचण खाली आणली, की भर दुपारचं ऊन बाराही महिने खोलीबाहेर राहतं. आडव्या पावसाचा जोर पडवीतच मोडतो. खाडी, हर्णै आणि सुवर्णदुर्ग तर त्याच बाजूला आहेत.

वळचण खाली आणली तर उभ्या माणसाला तिच्यापलीकडचं आभाळ कमी दिसणार, म्हणून दादा नाराज होता. तेव्हा बाईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. दक्षिणेच्या भिंतीची मोडकळीला आलेली बाजू मेस्त्रींनी आधीच उतरवली होती. त्या मोकळ्या जागेसमोर त्यांनी काकूला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. मेस्त्रींना खिडकीच्या खालच्या कडेच्या जागी एक फळी आडवी धरायला सांगितली आणि ती हळूहळू खाली घ्यायला लावली. "काकू, होड्या दिसायला लागल्या की सांगा." फळी जुन्या खिडकीच्या उंचीवर होती तेव्हा काकू म्हणाली, "अहो, मला नुसतं आभाळ दिसतंय." आणखी खाली आल्यावर हर्णैचा डोंगर दिसला. फळी जमिनीपासून दीड फुटावर आली, तेव्हा खाडीचं पाणी आणि वाळूवर ओढलेल्या होड्या दोन्ही दिसल्या. मेस्त्रींनी शेजारच्या चिऱ्यावर कोळशाने रेघ मारली. मग काकूला खाटेवर आडवी व्हायला सांगून तीच रेघ पुन्हा तपासली. खिडकीची उंची त्या रेघेवर ठरली. घरात बसून असणाऱ्या माणसालाच दिसत नसेल तर दृश्य कोणासाठी, असं बाई म्हणाल्या आणि दादाही गप्प झाला.

स्वयंपाकघराबद्दल मी हट्ट धरला. चूल गेली, गॅस आला, धूर संपला. मग स्वयंपाकघर माजघराच्या मागे कोंडून ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. मधली भिंत उतरवून तिथे आधाराला तुळई घातली आणि ओटा दक्षिणेच्या खिडकीशी आणला. भाजी चिरताना आता भरती-ओहोटी कळते. आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या पडवीत राहिली, कारण काकूला गिझरचं पाणी चालत नाही. काकूच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि कमोड केला. मुलांच्या टेबलांची जागा पोटमाळ्यावर झाली. तिथे पश्चिमेचे जुने झरोके थोडे रुंद करून काच बसवली. दादाचा सूर्यास्त तेवढ्यातून येतो आणि तेवढा पुरतो.

छपरावरून बरीच चर्चा झाली. पत्र्याखाली आषाढातल्या पावसात बोललेलं ऐकू येत नाही. स्लॅब वैशाखात रात्रीपर्यंत तापलेला असतो. शेवटी लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर मंगळुरी कौलं घेतली आणि खालून सीलिंगची कौलं. दोहोंमधल्या हवेमुळे उष्णता खाली कमी उतरते. वादळाचा अनुभव होता म्हणून वळचणीच्या आणि कडेच्या ओळी तारेने बांधून घेतल्या. हे सगळं स्लॅबपेक्षा स्वस्त पडलं नाही, हेही सांगायला हवं. खारा वारा लोखंड खातो, त्यामुळे पाइप गॅल्व्हनाइझ केलेले, बिजागऱ्या पितळी आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. दुकानात स्वस्त म्हणून ३०४ पुढे करतात. समुद्राजवळ ते घेऊ नये. पडलेल्या छपरातले सागाचे वासे वाळवी काढून रंधून घेतले आणि खिडक्यांच्या चौकटी त्यांच्याच झाल्या.

चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होत जातो, पण त्याच्यात पाणी मुरतं. सिमेंटने लिंपला की आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही. दरजा चुन्याने भरल्या, आतून चुन्याचा हात दिला.

घराचं क्षेत्रफळ एक चौरस फूटही वाढवलं नाही. जोतं तेच, पडवीसुद्धा जुन्या पडवीच्या जागी. किनाऱ्यालगत किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांमुळे नवं बांधकाम अवघड असतं. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती मूळ जोत्यात राहून करता येते. त्यामुळे घराच्या नोंदीचे ग्रामपंचायतीतले जुने उतारे जपून ठेवलेले बरे.

आता पावसाळ्यात पडवीची बाहेरची कड ओली होते, आतली जमीन कोरडी राहते आणि खिडकी उघडी ठेवता येते. काकू सकाळचा चहा तिथेच घेते, आणि हर्णैच्या होड्या निघाल्या की नाही हे आम्हाला पुण्यात फोनवर सांगते.

कोकणातलं जुनं घर नव्याने करायला काढणार असाल तर माझं एवढं ऐका. आराखडा काढण्याआधी जुलैत चार दिवस तिथे राहा आणि कुठल्या भिंतीवर पाणी येतं ते पाहा. मे महिन्यात एकदा दुपारी चार वाजता त्याच भिंतीला हात लावा. आणि घरात जे माणूस सगळ्यात जास्त वेळ बसून असतं, त्याला खुर्चीवर बसवून मगच खिडकीची उंची ठरवा.