थालीपिठासारखी भाकरी

आमच्या विषयाचं, ऑक्युपेशनल थेरपीचं, मराठी नाव व्यवसायोपचार. या नावाने माझी फार पंचाईत केली आहे. आरोग्य केंद्राच्या दाराला कागद चिकटवला की एखादा तरी कर्जाची कागदपत्रं घेऊन येतोच. बाकीच्यांना मी 'व्यायामवाल्या मॅडम'. कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं, पण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या कामाला अजून पद नाही. मी पंधरवड्यातून एकदा येते आणि लसीकरणाच्या खोलीत बसते.

मागच्या खेपेला एक आजी आल्या. पक्षाघाताला पाच महिने झालेले, डावा हात पोटाशी आखडलेला. चालत मात्र होत्या.

"आजी, दिवसभर काय करता?"

उत्तर सुनेने दिलं, "आम्ही कशाला हात लावू देत नाही त्यांना." आजी भिंतीकडे बघत राहिल्या. माया करणारी माणसंच असं पांगळं करून ठेवतात. सुनेला कसं सांगावं, कळेना.

"आधी काय करायच्या?"

"भाकऱ्या. गडी असले की वीस-पंचवीस."

आमच्या आशा कार्यकर्तीने शेजारच्या घरातून परात, पीठ, शेगडी आणली. परातीखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ती सरकत नाही. डावा हात परातीच्या काठावर टेकवला. भार पडला की त्याचा ताठरपणा थोडा सैलावतो. त्या हाताला चटका कळत नव्हता, म्हणून तवा उजवीकडे. मळून झालं, थापून झालं. जुनी सवय बोटांत होतीच. अडलं ते उचलताना. भाकरी उचलायला दोन हात लागतात. मी उलथणं दिलं, भाकरी फाटली. ताटली दिली, घडी पडली.

"ते फडकं दे गं इकडे," आजी म्हणाल्या. "थालीपीठ कसं टाकतेस?"

फडकं भिजवून त्यावर थापली, एका हाताने उचलून तव्यावर उलटी केली आणि फडकं सोलून काढलं. साडेचार वर्षांच्या शिक्षणात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भाकरी एका कडेला जाड होती. सुनेने निम्मी खाल्ली, निम्मी मला दिली.

केसपेपरवर 'तक्रार' असा रकाना आहे. 'आधी काय करत होता?' असा नाही. तो मी पेनाने कोपऱ्यात आखते.