थाळनेरच्या नाती, सिॲटलच्या पोरी

रॉक बँड म्हटलं की डोळ्यांसमोर येतात लांब केसांची, फाटक्या जीन्सची चार मुलं. माझा लाडका बँड मात्र दोन बहिणींचा आहे. नाव ‘हार्ट’. थोरली ॲन विल्सन गाते, धाकटी नॅन्सी गिटार वाजवते आणि गातेही. दोघी अमेरिकेत सिॲटलजवळ वाढल्या, पण पहिला अल्बम ‘ड्रीमबोट ॲनी’ निघाला तो कॅनडात, १९७५ मध्ये. त्यातल्या ‘क्रेझी ऑन यू’च्या सुरुवातीला नॅन्सी एकटीच साधी, बिनविजेची गिटार वाजवते. सबमिशनच्या आदल्या रात्री ते ऐकलं की मला कशाचीच भीती उरत नाही. (जर्नल अपूर्णच राहतं, ती गोष्ट वेगळी!)

कॉन्व्हेंटमुळे इंग्रजी गाण्यांची सवय लहानपणीच लागली. घर मात्र सोनगीरचं. आमच्या गावची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध, त्यामुळे तांबटांच्या हातोडीची ठकठक कानात बसलेली. एका सुट्टीत मी घरी ‘बॅराकुडा’ मोठ्याने लावलं तर आजी म्हणाली, “हाई गाणं शे का भांडन शे?” तिचंही बरोबरच होतं म्हणा. रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीत या दोघींच्या नात्याबद्दल घाणेरडा इशारा केला, त्या संतापातून ॲनने १९७७ मध्ये हे गाणं लिहिलं. भांडणच ते! मी म्हटलं, “आजी, दोघी सख्ख्या बहिणी आहेत.” तर म्हणे, “बहिनी शेतस? मंग थाळनेरन्या नाती लाव.”

थाळनेरच्या नाती म्हणजे कोण? तर मंगेशकर भगिनी! हॉस्टेलवर हे सांगितलं की पोरी हसतात, पण खरं आहे. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. माई मंगेशकर तिथल्याच, हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याच्या कन्या. मास्टर दीनानाथांचं पहिलं लग्न माईंच्या थोरल्या बहिणीशी झालं होतं, ती गेल्यावर माईंशी. म्हणजे लता, मीना, आशा, उषा आणि धाकटा हृदयनाथ, सगळ्यांचं आजोळ आपलं खानदेश.

तेव्हापासून मी या बहिणींकडे बँड म्हणून बघायला लागले आणि वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधलं ‘दुनिया में हम आये हैं’ लता, मीना आणि उषा या तिघींनी मिळून गायलंय. बालवाडीपासून आपण सगळ्यांनी बडबडलेलं ‘सांग सांग भोलानाथ’ मीनाताईंच्या चालीचं, हे कितीजणांना माहीत असतं? आणि ‘पिंजरा’ची (१९७२) लावणी ऐकली की उषाताईंना ‘लताची धाकटी बहीण’ म्हणायची हिंमत होत नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं ‘उत्सव’मधलं (१९८४) ‘मन क्यूँ बहका’. लतादीदी आणि आशाताई. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. दीदींचा सूर सरळ, स्वच्छ येतो. आशाताईंचा थोडा वळून, हसत आल्यासारखा. कुणी कुणाला झाकत नाही. लोक मात्र जन्मभर एकच विचारत राहिले, दोघींत नंबर एक कोण? कँटीनमध्ये आजही हा वाद निघतो आणि चहा गार होतो. मला हा प्रश्नच कळत नाही. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून (१९४९) बाहेर पडलेली मुलगी थोरलीसारखं गाऊन उभी राहिलीच नसती. तिने स्वतःचं गाणं शोधलं. नॅन्सीनेही तेच केलं. गंमत म्हणजे हार्टचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं, ‘दीज ड्रीम्स’ (१९८६), ॲनने नाही, नॅन्सीने गायलंय.

आता कळलं असेल, मीही धाकटीच आहे.

पण थोरलीचं काय? दीनानाथ गेले एप्रिल १९४२ मध्ये. लता तेव्हा पुरती तेरा वर्षांचीही नव्हती, आणि मागे चार भावंडं. तिने सिनेमात काम धरलं. चरित्रात हे सगळे एका ओळीत वाचून पुढे जातात. मला जाता येत नाही, कारण आमच्या घरी ताई आहे. स्टील आणि प्लॅस्टिकने तांब्याचे हंडे घराबाहेर काढले तसं पप्पांचं भांड्यांचं दुकान आखडत गेलं. बी.कॉम. झाल्या झाल्या ताईने धुळ्यात नोकरी धरली. माझी फी, हॉस्टेल, एवढंच काय, गिटारसुद्धा तिच्या पगारातली. ‘आवाज मात्र मोठीचा’ असं सगळे नातेवाईक माझ्या तोंडावर सांगतात. त्याचं मला काही वाटत नाही (बरं, थोडंसं वाटतं). खटकतं ते दुसरंच. एवढं म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तिला ‘गा’ म्हणत नाही.

म्हणून यंदा मीच म्हटलं. गल्लीच्या गणपतीत ती गाणार, मी वाजवणार. गाणं आजीने ठरवलं, ‘ऐरणीच्या देवा’. ‘साधी माणसं’ (१९६५) मधलं हे गाणं दीदींनी गायलंच, शिवाय ‘आनंदघन’ या नावाने चालही त्यांनीच लावली. गाणं लोहाराच्या घरचं, आमचे शेजारी तांबट. पण आजीच्या मते ऐरण ती ऐरण.

ताई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, सवय मोडलीये, वरचे सूर लागणार नाहीत. मग दोन दिवसांनी तिचाच फोन आला, पट्टी खाली घेशील का? मी दोन स्वर खाली घेतली, सगळे कॉर्ड नव्याने बसवले, बोटांना फोड आले. फोनवर तालीम करून बघितली, पण जमत नाही. तिचा सूर माझ्यापर्यंत पोचेपर्यंत माझा ठेका पुढे निघून गेलेला असतो. आमच्या भाषेत याला लेटन्सी म्हणतात. त्यावर उपाय एकच, शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की दुपारची एसटी. गिटारचं अर्धं तिकीट मागू नका म्हणून कंडक्टरकाकांना आत्तापासूनच विनंती!