वहाणेची पारख

सुरतेच्या मराठी माणसाचे डोंगराशी नाते कधी तुटत नाही. शहर सपाट, तापीच्या गाळावर वसलेले. गच्चीवर उभे राहिले तरी क्षितिजावर टेकडीची रेघ दिसत नाही. तरीही हिवाळा लागला की आमच्या मंडळींची पावले पूर्वेकडे ओढ घेऊ लागतात. सुरत-भुसावळ लोहमार्गाने आमच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे खानदेशातून पोटापाण्यासाठी इकडे आले. त्याच मार्गाने आम्ही उलट्या दिशेने दोन दिवसांची मोकळीक शोधावयास निघतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या स्नेह्यांचा एक लहानसा मेळा जमला आहे. आम्ही गड सर करणारे वीर नव्हे. साल्हेरची १५६७ मीटरांची उंची आम्ही पायथ्यावरूनच नमस्कारून येतो. नदीकाठी तंबूत एक रात्र काढावी, सकाळी रानातून दोन-तीन कोस चालावे, दुपारी पिठले-भाकरी खाऊन परतावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. अशा बेतास तापी जिल्ह्यातील पदमडुंगरीसारखे स्थळ शोधून सापडणार नाही. उधना, बारडोली, मढी ही स्थानके मागे टाकीत गाडी व्याऱ्यास येते. १९२८ च्या सत्याग्रहाने बारडोलीचे नाव देशभर गेले. आमच्या मुलांना ते गाडीच्या खिडकीतूनच शिकवावे लागते. व्याऱ्याहून दक्षिणेस वळले की उसाची शेते विरळ होतात आणि साग-बांबूचे रान सुरू होते. जवळच उनाई, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. डांगच्या डोंगरांतून आलेली अंबिका नदी येथे खडकांतून वाट काढीत पश्चिमेकडे जाते. तिच्या काठी वनखात्याने राहण्याची सोय केली आहे.

याच नदीकाठी तीन वर्षांपूर्वी आम्हांस जो धडा मिळाला, तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सहलीची सूचना लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे होते. पांघरूण, विजेरी, ताट-वाटी, औषधे, सारे तपशिलाने लिहिले. पादत्राणांविषयी मात्र तीनच शब्द: ‘पायांत सोयीस्कर असावे.’ सोयीस्कर म्हणजे काय, हे लिहावे असे आम्हांस सुचले नाही.

आमचे नाना साठी ओलांडलेले; एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. बारा वर्षांचा मधुमेह, पण उत्साह विशीतला. सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भागळच्या बाजारातून नवे कोरे सँडल आणले. दिसावयास देखणे, पट्टे रुंद, तळ जाड. दुसऱ्या दिवशी ते पायांत चढवून नाना नदीच्या पात्रातून, वाळूतून, गोट्यांवरून सर्वांच्या पुढे चालत होते. कोणी थांबले की म्हणत, “अहो, तुमच्याहून दहा वर्षांनी मोठा मी, आणि तुम्ही दमता?” आम्हीही कौतुकाने म्हटले, “नाना, तुमचा आदर्श वर्गात सांगायला हवा.”

पहाटे तंबूत चादरीवर तांबूस डाग दिसला. नानांच्या उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. सँडलच्या तळावर एक टोकदार खडा रुतून बसला होता. पट्ट्याखालून शिरलेला तो खडा घेऊन नाना दिवसभर चालले होते. आम्ही चकित होऊन विचारले, “नाना, बोलला का नाहीत?” ते शांतपणे म्हणाले, “सर, दुखले असते तर सांगितले नसते का?”

त्या एका वाक्यात सारे आले. दीर्घकालीन मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. वेदना ही शरीराची पहारेकरीण. ती झोपी गेली की चोर कधी शिरला हे घरधन्यास कळत नाही. नानांची जखम चिघळली. दोन महिने अंथरूण आणि अखेर अंगठा गमवावा लागला. त्या तीन शब्दांच्या सूचनेची आठवण आम्हांस आजही टोचते.

पुढे या विषयाचा शोध घेताना डॉ. पॉल ब्रँड यांचे कार्य वाचनात आले. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार केले. रुग्णांच्या हातापायांचा नाश मांस आपोआप सडल्याने होत नसून, वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी होतो, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या वहाणा पुढे आल्या. ‘एमसीआर’ या नावाने त्या मधुमेहाच्या रुग्णांनाही दिल्या जातात. ज्यांच्या पायांची संवेदना उणावली आहे त्यांनी उघडे सँडल अथवा अंगठ्याची चप्पल घालून रानात जाऊच नये. वैद्याच्या सल्ल्याने पुढून बंद असे पादत्राण घ्यावे, घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे आणि रोज रात्री तळवे आरशात तपासावेत.

निरोगी पायांनाही पारख हवीच. कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची ही वहाण. २०१९ साली महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. कोरड्या, तापलेल्या माळरानावर ती शोभते आणि टिकतेही. परंतु कातडे भिजले की सैल पडते, वाळले की कडक होते. शिवाय टाच मोकळी. निसरड्या खडकावर टाच मोकळी असेल तर पाय एकीकडे आणि वहाण दुसरीकडे जाते. नदी ओलांडावयाची असेल तर कोल्हापुरी घरीच ठेवावी. हवाई चप्पल तंबूपासून न्हाणीघरापर्यंत ठीक. तिच्या जोरावर डोंगर चढणाऱ्याचे बंद कोठे तुटतील याचा नेम नाही.

पाण्यातून आणि खडकावरून चालण्यासाठी टाचेला पट्टा असलेले सँडल अमेरिकेत १९८४ साली मार्क थॅचर या नदीवरील वाटाड्याने बनविले. त्यांवरील चिकटपट्टीचे मूळ त्याहून जुने. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याच्या कुत्र्याच्या केसांत रानातील काटेरी फळे अडकली. ती पाहून त्याला ही युक्ती सुचली. आपल्या धोतराला चिकटलेली कुसळे आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून टाकीत आलो. त्याने ती भिंगाखाली धरली, एवढाच फरक!

आता खरेदीविषयी. वहाण संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेला असतो. दोन्ही पायांत घालून उभे राहावे, दुकानात दहा-वीस पावले चालावे. बोटे तळाच्या कडेबाहेर येता कामा नयेत. पुढे अर्धा बोटभर जागा असावी. पट्टे तीन ठिकाणी आवळता-सैल करता यावेत: बोटांमागे, पायाच्या चवड्यावर आणि टाचेमागे. पट्ट्यांच्या आतून हात फिरवावा. जी शिवण बोटाला खुपते ती दोन कोसांनंतर फोड आणणार. मग वहाण दोन्ही हातांत धरून वाकवावी. ती बोटे जेथे दुमडतात तेथे वाकावी. मधोमध वाकली किंवा ओल्या फडक्यासारखी पिळली गेली तर ठेवून द्यावी. तळाच्या खाचा खोल हव्यात. अतिमऊ गादी दुकानात सुखावते आणि डोंगरात घोट्याला दगा देते. पुढे टोपी असेल तर ठेच वाचते, मात्र खडे अडकतात. म्हणून थांबू तेथे वहाण झटकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी वहाण थेट रानात नेऊ नये. पंधरा दिवस आधीपासून ती घालून बाजारात, नदीकाठी हिंडावे; एखाद्या दिवशी पाठीवर पिशवी घेऊन चालावे. जो दोष निघायचा तो घरीच निघेल. आणि उंच गवतात, पावसाळ्यात किंवा रात्री उघड्या सँडलवर विसंबू नये. या रानांत घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत. तेथे बूट आणि विजेरी हवी. सकाळी वहाण उपडी करून आपटल्याखेरीज पायांत सरकवू नये. विंचवालाही तंबूची ऊब आवडते.

गेल्या हिवाळ्यात नाना पुन्हा आमच्याबरोबर आले. पुढून बंद, आतून मऊ असे पादत्राण पायांत होते. रानात ते आले नाहीत. अंबिकेच्या काठी सपाट जागी खुर्ची टाकून बसले आणि परतलेल्या प्रत्येकाला वहाण काढून तळवा दाखवावयास लावले. मुलांना त्याची मौज वाटत होती.

मात्र त्याआधीची एक गोष्ट सांगावयास हवी. सहलीच्या सकाळी आम्ही सुरत स्थानकावर सर्वांची नावे टिपीत उभे होतो. नाना जवळ आले, खाली वाकून आमच्या पायांकडे पाहिले आणि टाचेमागचा पट्टा बोटाने उचलला. शिवण निम्मी उसवली होती. “सर, सूचना तुम्हीच लिहिली होती ना?” एवढेच ते म्हणाले. गाडीला अजून वीस मिनिटे होती. आम्ही निमूटपणे फलाटाबाहेर बसलेल्या चर्मकाराकडे गेलो.