दुसरं बोट

या वीकेंडचा विषय आहे पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट. हसू नका. गेले सहा महिने आमच्या घरात या एका बोटावर जेवढी चर्चा झालीये तेवढी माझ्या लग्नावरही झालेली नाही. बोट आईचं, उजव्या पायाचं.

आधी थोडा बेसिक फंडा. अंगठ्यात दोन हाडं असतात, शेजारच्या बोटांत तीन. म्हणजे मध्ये दोन सांधे. बोट सरळ ठेवायचं काम मुख्यतः तळपायातले छोटे स्नायू करतात आणि टोक खाली ओढायचं काम पोटरीकडून येणाऱ्या लांब स्नायूंच्या दोऱ्या करतात. ही रस्सीखेच बरोबरीत सुटते तोवर सगळं ठीक. पण छोटे स्नायू अशक्त झाले, किंवा अरुंद चपला-बुटांनी बोट वर्षानुवर्षं दुमडून ठेवलं, किंवा अंगठाच कलून शेजारणीच्या अंगावर रेलायला लागला, की मधला सांधा वर उचलला जातो आणि टोक जमिनीकडे वळतं. हातोडीसारखं. म्हणून हॅमरटो.

सुरुवातीला असं बोट हाताने धरून सरळ करता येतं. मग हळूहळू सांधा आखडतो आणि बोट आहे तिथेच राहतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

आई तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवून रिटायर झाली. मधुमेह चौदा वर्षांचा. सांध्याच्या वर कुरूप झालेलं, बोटाच्या टोकाला आणखी एक. दुखतंय का विचारलं की "छे गं, काही नाही." आम्हाला वाटायचं, बाई सोशिक आहे.

मग पुण्यात एका डॉक्टरांनी साधी टेस्ट केली. नायलॉनचा एक जाडसर धागा. तो पायाला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा जोर पडतो. "काकू, डोळे मिटा. धागा लागला की 'हो' म्हणा." डॉक्टरांनी अंगठ्याला टेकवला, दुसऱ्या बोटाला, तळव्याला, तीन-चार ठिकाणी. आई गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "डॉक्टर, सुरू करा ना."

त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटली. आई सोशिक नव्हती, तिला कळतच नव्हतं.

वेल्लोरला १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून त्याच जागेवर दाब पडत राहतो, जखम होते, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांचं हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू पडलं. ज्याचा पाय दुखतो तो निदान डॉक्टरकडे तरी जातो. ज्याचा दुखत नाही त्याच्या वाकड्या बोटाच्या टोकावर रोज हजारो पावलं पडतात. तिथे जखम, मग जंतुसंसर्ग, तो हाडापर्यंत गेला तर बोट काढायची वेळ. आमच्याकडे प्रश्न दिसण्याचा नव्हताच.

डॉक्टरांनी लगेच सुरी काढली नाही. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो चांगला निघाला. मग बिनऑपरेशनचे उपाय. पुढे रुंद आणि वर उंच असलेले बूट. घरात मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल (आईची साधी स्लिपर बंद, कारण ती निसटू नये म्हणून बोटं तिला सतत आवळून धरतात). बोटावर सिलिकॉनची टोपी. रोज बोट हाताने सरळ करायचा व्यायाम. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून. कुरूप दर महिन्याला दवाखान्यात तासून घ्यायचं. बाबा त्यांच्या दाढीच्या ब्लेडने ही सेवा करत असत, ती बंद. औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही बंद. तिच्यात कातडी विरघळवणारं ॲसिड असतं, आणि बधिर पायाला कुरूप संपून चांगली कातडी कुठे सुरू झाली ते कळत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं वर्कअराउंड. बग तसाच राहतो, प्रॉडक्शन मात्र पडत नाही. यात कमीपणा काही नाही. कित्येक लोकांचं आयुष्यभर एवढ्यावर भागतं. पण आखडलेलं बोट टोपीने सरळ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आईने सगळं ऐकलं. एक सोडून. जोडवी!

जोडवी नेमकी त्याच बोटात. बोट वाकलं, जाड झालं, तरी चाळीस वर्षांची जोडवी तिथेच रुतलेली. "सवाष्ण बाईने जोडवी काढायची नसतात" यावर माझं इंजिनिअरिंग संपलं. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, मी इथे जिवंत बसलोय ना समोर? मग ती चांदी कुणासाठी घालतेस?" आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

तीन महिन्यांनी सांध्यावरचं कुरूप जवळजवळ गेलं. टोकाचं मात्र तासल्यावर आत काळसर ठिपका दिसला. कातडीखाली रक्त साकळलेलं, म्हणजे जखमेची आगाऊ नोटीस. आता ऑपरेशनचा विषय निघाला.

इथे तो लवचिक-आखडलेला फरक कामाला आला. बोट आखडलेलं असतं तर हाडाचं काम करावं लागलं असतं. जुनी पद्धत म्हणजे बोट उघडून सांध्याचा तुकडा काढायचा आणि बऱ्याचदा टोकातून बाहेर डोकावणारी तार चार-सहा आठवडे ठेवायची. नव्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक ड्रिल आत घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत हाड कापतात आणि बऱ्याचदा तारेऐवजी पट्ट्या बांधून बोट सरळ धरतात. पण छोटा छेद म्हणजे छोटं ऑपरेशन नव्हे. सूज महिनोन्महिने राहू शकते, बोट परत वाकू शकतं, किंवा जमिनीला टेकतच नाही असंही होतं.

आईचं बोट अजून हाताने सरळ होत होतं. त्यामुळे बोटाखालून जाड सुईने फक्त ती ओढणारी दोरी तोडायची. बोटापुरती भूल, काही मिनिटांचं काम. मधुमेहींच्या पायांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा लवचिक बोटासाठी हा उपाय सुचवलेला आहे. तोटा? त्या बोटाचं टोक पुन्हा स्वतःहून वाकवता येत नाही, आणि तिथला दाब शेजारच्या बोटावर जाऊ शकतो. एक बग फिक्स केला की दुसरीकडे टेस्टिंग करावंच लागतं, तसं.

डॉक्टर म्हणाले, "सूज येईल, बोटात काही घालून चालणार नाही. नंतरही नकोच." मी आईकडे बघायचं टाळलं. ती थोडा वेळ पायाकडे बघत बसली आणि म्हणाली, "बोटच राहिलं नाही तर जोडवी घालू कशात?" घरी येऊन साबण लावून स्वतःच काढली, दोन्ही पायांतली. कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवली. विषय संपला.

त्याच दिवशी चालत घरी आली, खास चपलेत. आता पाच आठवडे झालेत. काळा ठिपका गेलाय, टोक जमिनीला रुतत नाही. तिसऱ्या बोटावर आमची नजर आहे, आणि आरसा रोज रात्री निघतोच.

असो. आता तुमच्यासाठी होमवर्क. कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यावर ऑफिसचा बूट ठेवा. रेघ बुटाबाहेर आली तर बाकीची जागा तुमची बोटं रोज दुमडून भरून काढतायत. कुठलं बोट वाकलं असेल तर हाताने सरळ होतंय का बघा. होत असेल तर तुमच्याकडे अजून बरेच पर्याय आहेत. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर "दुखतंय का?" विचारून थांबू नका. मोजे काढायला लावा आणि स्वतः बघा.