नागोयाच्या गल्लीतील हौशी शिंपी

वेष पालटण्याची हौस आपल्याला नवी नाही. गावात बहुरूपी यायचा आणि पोलीस होऊन दारात उभा राहून पोरांना दरडवायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा ठरली, की आईबाप ड्रेपरीच्या दुकानात धाव घेतात. भाड्याने आणलेला झगा पिना लावून आखूड करायचा, मुलाला पाच मिनिटे व्यासपीठावर उभे करायचे आणि दुसऱ्या दिवशी झगा परत! परंतु मोठेपणीही ही हौस जपणारी, आवडत्या चित्रकथेतील पात्राचा पोशाख स्वतः बेतून, शिवून, घालून मिरवणारी माणसे आज जगभर आहेत. या छंदाला 'कॉस्प्ले' म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्हा उभयतांना जपानला जाण्याचा योग आला, तेव्हा या छंदाची दोन ठिकाणे आम्ही मुद्दाम पाहिली. ती हकिकत वाचकांपुढे, विशेषतः शिवणयंत्र चालविणाऱ्या भगिनींपुढे ठेवीत आहोत.

शब्द जपानचा, हौस जुनी

'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखक-प्रकाशकाने १९८३ साली रूढ केला. प्रकार मात्र त्याहून जुना आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस ही जोडी भविष्यकाळातील माणसांचा पोशाख घालून आली होती. लोकांच्या लक्षात ॲकरमन राहिले. पण दोघांचेही कपडे शिवले होते ते मर्टल डग्लस यांनी! शिवणाऱ्या हाताचे नाव मागे पडावे, हा अनुभव तिकडेही आहेच.

चिंध्यांच्या बाजारातून

टोकियोत निप्पोरी नावाचे रेल्वे स्थानक आहे. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडून थोडे चालले, की कापडाची पेठ लागते. सुमारे एक किलोमीटरच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना दुकानेच दुकाने. कापडाचे तागे, लेस, बटणे, चेन, अस्तर, नकली फर, चामडे. म्हणाल ते मिळते. या पेठेचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९१२ नंतरच्या तैशो काळाच्या आरंभी असाकुसा भागातून जुने कापड आणि कातरणीतले तुकडे विकणारे व्यापारी येथे येऊन वसले. चिंध्या आणि कातरणांवर उभी राहिलेली ही पेठ आज शिंपी, फॅशनचे विद्यार्थी आणि कॉस्प्लेवाले यांची हक्काची जागा आहे. हातात पात्राचे रंगीत चित्र धरून दोन मुली ताग्याला तागा लावून पाहत होत्या. लाल तोच, पण चित्रातला लाल हवा! मंगलदास मार्केटात ब्लाउजपीस जुळवणाऱ्या आपल्या बायकांची आम्हाला आठवण झाली.

मागांचे शहर

टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान गाडीने सुमारे पावणेदोन तासांत नागोया येते. मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या टोयोटा घराण्याची सुरुवात या भागात झाली ती कापडाच्या मागांपासून. शहराच्या अरिमात्सु भागात १६०८ पासून कापड बांधून रंगविण्याची कला चालत आली आहे. आपल्या बांधणीची ती बहीणच म्हणा ना!

अशा या शहरात २००३ पासून उन्हाळ्यात 'वर्ल्ड कॉस्प्ले समिट' हा मेळा भरतो. पहिल्या वर्षी जर्मनी, फ्रान्स आणि इटली या देशांतील हौशी मंडळींना बोलावले होते. २००५ पासून स्पर्धा सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या रंगमंचावर छोटा प्रवेश सादर करतात. भारताच्या जोड्याही येथे उतरल्या आहेत. स्पर्धेतील एक अट आम्हाला फार मोलाची वाटली. पोशाख स्पर्धकांनी स्वतः तयार केलेला असावा लागतो. पैसे टाकून विकत आणलेल्या झग्याला येथे किंमत नाही.

मेळ्याचा खरा रंग ओसू भागात पाहावा. १६१२ साली नागोयात आणलेले ओसू कान्नोन हे बौद्ध मंदिर, आणि त्याला लागून छप्पर घातलेल्या गल्ल्यांची बाराशेच्या आसपास दुकानांची बाजारपेठ. जुने किमोनो, वापरलेले कपडे, रेडिओचे सुटे भाग, गरम भजी असे सारे एकाच गल्लीत. त्या गर्दीत चिलखत घातलेला योद्धा शांतपणे आईस्क्रीम खात उभा होता. म्हाताऱ्या बायका पिशव्या सांभाळत त्याच्या बाजूने जात होत्या. कोणी हसत नव्हते, कोणी बोट दाखवत नव्हते.

चपलेच्या फोमचे चिलखत

चिलखत घातलेल्या एका मुलीला आम्ही खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, हे लोखंडाचे का? तिने हसून ते दाबून दाखवले. आत नुसता फोम! चपलेच्या तळव्याला वापरतात तोच ईव्हीए फोम. आधी कागदावर मापे घेऊन नमुना कापायचा. मग धारदार सुरीने फोम कापायचा. गरम हवेच्या यंत्राने शेकला की तो नरम होतो. गुडघ्यावर किंवा पातेल्यावर दाबून धरला की गोलाई येते. दोन्ही कडांना चिकटद्रव लावून थोडे वाळू द्यायचे आणि मग दाबायचे. वरून लेप, त्यावर चंदेरी रंग. चिकटद्रवाची वाफ वाईट, म्हणून खिडकी उघडी ठेवायची, तोंडाला मास्क लावायचा. चपला बांधणाऱ्या आपल्या कारागिराला यातले एकही काम नवे नाही. फरक एवढाच, की तेथे त्या कामाला टाळ्या मिळतात.

त्या मुलीला चार महिन्यांचे रविवार लागले होते. पाठीकडे एक शिवण वाकडी गेली होती. तीही तिने आपणहून दाखवली.

कोणी कोण व्हावे?

गंमतीच्या या छंदात एक गंभीर प्रश्नही आहे. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या व्यक्तीने गोऱ्या पात्राचा पोशाख घातला, की 'तुला हे शोभत नाही' म्हणणारे भेटतात. याला उत्तर म्हणून अमेरिकेत २०१५ साली चाका कंबरबॅच या कृष्णवर्णीय तरुणीने फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस कृष्णवर्णीयांच्या कॉस्प्लेची छायाचित्रे लोकांपुढे आणण्याची मोहीम सुरू केली. कोणी काय नेसावे हे दुसऱ्याने ठरविण्याचा जाच आपल्या आज्या-पणज्यांनी सोसला आहे. त्यामुळे या उत्तराचे मोल आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा प्रश्न मुलींच्या सुरक्षिततेचा. पोशाख कसाही असो, विचारल्याशिवाय छायाचित्र काढायचे नाही आणि अंगाला हात लावायचा नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली 'पोशाख म्हणजे संमती नव्हे' अशा अर्थाचे फलक लावले गेले. ओसूत आम्ही पाहिले, छायाचित्रकार आधी वाकून परवानगी घेतात, नंतर पुन्हा वाकून आभार मानतात. हा रिवाज आपल्याकडे लग्नाच्या वरातीतही यायला हरकत नाही.

घरच्या घरी

आपल्याकडे २०११ साली दिल्लीत पहिले कॉमिक कॉन भरले, पुढे ते मुंबईतही आले, आणि तेथेही तरुण मुले-मुली नटून येतात. आईबापांना ही सोंगे वाटतात. आमचे त्यांना सांगणे एवढेच, की मुलीने आठ दिवस खपून एक बाही नीट बसवली तर ती मापे शिकली, बेतणे शिकली आणि हिशेबही शिकली. सुरुवातीला खर्च नको. जुनी साडी, पुठ्ठा, फाटक्या चपलेचा फोम, घरचे मशीन एवढ्यावर भागते. यंदाच्या स्नेहसंमेलनाला भाड्याचा झगा आणू नका. मुलाला कोण व्हायचे आहे ते त्यालाच विचारा, कात्री हातात द्या, आणि शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्या. शिवण वाकडी गेली तरी चालेल.